लांब घेतलेलं वळण

आठ महिन्यांनी कामावर निघालेला माणूस उत्साहात असावा, अशी घरच्यादारच्यांची अपेक्षा असते. ट्रेलर चालवणारा इंच मात्र सकाळी सात वाजता पलंगाच्या काठावर एक पायमोजा हातात धरून नुसता बसला होता. एक चढवून झाला होता. दुसरा चढवायचा तर तो पाय वर घ्यावा लागणार, आणि त्या पायात आता गुडघ्यापासून घोट्यापर्यंत स्टीलची सळई होती. पाय वाकायचा, नाही असं नाही. पण कचेरीतल्या कारकुनासारखा आधी विचार करून, मग कुरकुरत, आणि शेवटी उपकार केल्यासारखा वाकायचा.

बायको आतून आली, खाली बसली आणि तिने मोजा चढवून दिला. डाव्या हाताने. तिचं उजवं मनगटही मोडलं होतं आणि जुळताना जरा वाकडंच जुळलं होतं. दोघं मिळून एक धड माणूस होतं, असं शेजारीपाजारी म्हणायचे, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं.

"डबा भरलाय," ती म्हणाली.

"भूक नाही लागायची."

"लागली तर खा. नाही तर परत आणा."

एवढं बोलून ती पुन्हा आपल्या शिलाई मशीनकडे गेली. लोकांचे कपडे आखूड करून देणं, घट्ट झालेले सैल करून देणं, हा तिचा धंदा. आता मोठी कात्री तिला धरता येत नव्हती, म्हणून कापायचं काम ती दुसऱ्या गल्लीतल्या बाईकडून करून आणायची आणि शिवायचं तेवढं स्वतः करायची. पूर्वी मशीनच्या आवाजावर तिचा आवाज असायचा. आता नुसतं मशीन ऐकू यायचं.

इंच हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चाळीस फुटी ट्रेलर मागे घेत घेत गोदामाच्या धक्क्याला असा लावायचा की मध्ये इंचभर फट उरावी. इंचाची दीड इंच कधी झाली नाही. कुणीतरी थट्टेत इंच म्हणालं, मग सगळेच म्हणायला लागले, आणि पुढे यार्डातल्या फळ्यावरसुद्धा खडूने तेच लिहिलं जाऊ लागलं. चोवीस वर्षांत त्याच्या ट्रकला ओरखडा नव्हता. आणि याच माणसाने साडूच्या चिमुकल्या मोटारीत, भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर स्वतःचा पाय आणि बायकोचं मनगट मोडून घेतलं. लोकांनी हसावं की हळहळावं? बहुतेकांनी दोन्ही केलं, हसायचं काम तेवढं तो समोर नसताना.

झालं होतं असं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक जुनं पण चांगलं शिलाई मशीन विकाऊ आहे, असं बायकोला कळलं होतं. ते बघायला जायचं म्हणून तिने बहिणीकडून, म्हणजे साडूकडून, मोटार मागून आणली. बायको मोटारीत बसली की बोलायची. तशी ती कुठेही बसली की बोलायची, पण मोटारीत ऐकणारा पळून जाऊ शकत नाही, म्हणून जरा जास्त. पत्त्याची चिठ्ठी हातात, तोंडाने मशीनचं गुणगान, आणि मध्येच गल्ली दिसल्याबरोबर ती ओरडली, "इथेच, इथेच! वळा." पुढच्याच क्षणी शेजारून येणारी सामानाची गाडी त्यांच्या मोटारीत घुसली, आणि मोटार जाऊन दिव्याच्या खांबाला चिकटली.

इस्पितळात पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा इंच ऑपरेशनच्या टेबलावर होता. जबाब बायकोने दिला. मी एकदम ओरडले, ते दचकले, हात चुकला, असं तिने हाताला प्लॅस्टर घातलेल्या अवस्थेत सांगितलं आणि डाव्या हाताने सही केली. दोन दिवसांनी इंच शुद्धीवर नीट आला तेव्हा त्याच्या उशाशी बसून तिने तेच पुन्हा सांगितलं. "माझ्यामुळे झालं हो," म्हणून ती रडली.

तो म्हणाला, "जाऊ दे."

जाऊ दे हे दोन शब्द फार सोयीचे. ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला माफ केलं, आणि बोलणाऱ्याच्या पदरचं काहीच जात नाही. इंचाने तेव्हा ते म्हटले ते गुंगीत होता म्हणून, असं आपण एकवेळ समजू. पण दुसऱ्या दिवशी गुंगी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती.

खरं काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. गल्ली त्याला तिच्या ओरडण्याच्या कितीतरी आधी दिसली होती. वळायचा दिवाही त्याने लावला होता. तो दचकला-बिचकला काही नव्हता. त्याने फक्त चोवीस वर्षं जे केलं तेच केलं. लांब ट्रेलर वळवायचा तर आधी उलट्या बाजूला बाहेर काढावा लागतो, मग आत घ्यावा लागतो, नाहीतर मागची चाकं कोपरा कापून फुटपाथवर चढतात. याला ड्रायव्हर लोक लांब घेणं म्हणतात. ते त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की हाताने डोक्याला विचारायचं कधीच सोडून दिलं होतं. त्या दुपारी हाताखाली जेमतेम आठ हात लांबीची मोटार होती, आणि त्याने ती चाळीस फुटांची असल्यासारखी शेजारच्या रांगेत बाहेर काढली. तिथे सामानाची गाडी होती. बायको गप्प बसली असती तरी हेच झालं असतं. ती घरी राहिली असती तरी हेच झालं असतं, फक्त एक मनगट वाचलं असतं.

पहिल्या आठवड्यात सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण इंच म्हणवून घेणाऱ्या माणसाला साध्या मोटारीचं वळण कळलं नाही, हे त्याच्या तोंडून निघेना. दुसऱ्या महिन्यात साडू भेटायला आला आणि फळांची पिशवी ठेवता ठेवता म्हणाला, "आमच्या मेहुणीच्या बडबडीपायी माझी गाडी गेली." सगळे हसले. बायकोसुद्धा हसली. इंचानेही हसल्यासारखं केलं. तेव्हा सांगायला हवं होतं, अगदी तेव्हाच. आता सांगायचं तर नुसतं वळण सांगून भागणार नव्हतं, मधले आठ महिनेही सांगावे लागणार होते. आणि ते ओझं रोज एकेक दिवसाने वाढतच होतं.

अपघाताच्या दिवसापासून बायको कुठल्याही वाहनात बोलली नाही. पायाच्या तपासणीला त्याला बसमधून घेऊन जायची तेव्हा पर्स मांडीवर ठेवून, ओठ मिटून, समोर बघत बसायची. उतरायचं ठिकाण आलं तरी सांगायची नाही, नुसता त्याच्या बाहीला हात लावायची.

त्या सकाळी इंच यार्डात पोचला तेव्हा आठ वाजायला आले होते. चारदोन ड्रायव्हरांनी पाठीवर थाप मारली, एकाने पाय वाजवून बघू का म्हणून विचारलं, चहा झाला. मग मास्तर आले. मास्तर म्हणजे यार्डातले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. आता स्वतः फेऱ्या करत नसत, नव्यांना शिकवत आणि आजारातून उठलेल्यांना तपासत. इंचालाही त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्या हातात एक छापील कागद होता.

"कागदाच्या गोदामापर्यंत जायचं आणि यायचं," मास्तर म्हणाले. "मी शेजारी बसतो. नीट झालं की सही करतो, उद्यापासून तू तुझा. नाही झालं तर ऑफिसात खिडकीपाशी खुर्ची रिकामी आहे. पंखा आहे तिथे."

"पंखा नको," इंच म्हणाला.

"मलाही तेच वाटतं. चल."

केबिनमध्ये चढायला चार पायऱ्या होत्या. इंच चढला आणि वर बसून जरा धापा टाकत राहिला. सगळं जिथल्या तिथे होतं. आरसे, गिअरचा दांडा, काचेच्या कोपऱ्यातला कुणाच्या तरी टाचेएवढा डाग. बसायची उंची तीच, समोरचा रस्ता तेवढाच खाली. त्याला वाटलं होतं, इथे चढलो की बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. नुसता दमल्यासारखा झाला, आणि अजून किल्लीही फिरवली नव्हती.

फाटकाशी आल्यावर फाटकवाल्याने हात आडवा केला. "मागे काय?"

ही या यार्डाची रीत होती. गाडी बाहेर काढताना प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या मागे काय आहे ते मोठ्याने सांगायचं, मग तो पहिल्या दिवसाचा असो की शेवटच्या. कागदावर सगळं लिहिलेलं असायचंच. पण डोळ्याला दिसत नाही ते तोंडाने म्हटलं की डोक्यात राहतं, असं कुण्या जुन्या माणसाचं म्हणणं होतं, आणि ती पद्धत पडून गेली होती. भरलेला ट्रेलर वेगळा चालतो, रिकामा वेगळा उडतो.

"चाळीस फूट. रिकामा," इंच म्हणाला.

"ये जाऊन," फाटकवाला म्हणाला आणि फाटक उघडलं.

सरळ रस्त्यावर काही अडलं नाही. पाय दुखत होता, पण ब्रेकवर सांगेल तेवढा दाब देत होता. मास्तर खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे खरं तर त्याच्याकडेच बघत होते. पहिलं वळण मोठ्या चौकात होतं, जागा भरपूर, तिथे निभावून गेलं. तरी मागच्या चाकांनी कडेच्या दगडाला घासलं आणि केबिनपर्यंत खर्रकन आवाज आला. मास्तरांनी आरशात एकदा मागे पाहिलं. त्यांचं असं नुसतं बघणं फार वाईट असे.

दुसरं वळण अरुंद होतं. कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान. इंचाला ते वळण तोंडपाठ होतं, दोनेक हजार वेळा तरी घेतलं असेल. आधी बाहेर काढायचं, रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेपर्यंत, मग निवांत आत. त्याने आरशात पाहिलं. बाजूची रांग मोकळी होती. पुन्हा पाहिलं, मोकळीच होती. स्टेअरिंग बाहेर वळवायला हात उचलला आणि हात जाईना. डोकं म्हणत होतं घे, आणि हात म्हणत होता शेजारी कुणीतरी आहे. मागून हॉर्न वाजायला लागले. इंचाने तसंच सरळ आत वळवलं.

केबिन वळली. ट्रेलर बिचारा मागून आला तसा कोपरा कापत आला. मागची चाकं फुटपाथवर चढली, काहीतरी फुटलं, आणि चाकं धप्पकन खाली उतरली.

न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. त्याच्या मागून अर्ध्या गालाला साबण लावलेलं एक गिऱ्हाईक आलं. दारात मोठी मातीची कुंडी होती ती आता नव्हती, तिच्यातलं झाड रस्त्यात आडवं पडलं होतं. मास्तर खाली उतरले, न्हाव्याशी पाच मिनिटं बोलले, झाड उचलून भिंतीशी उभं करून ठेवलं आणि हात झटकत वर आले.

"नवी कुंडी आणून देतो म्हणालोय," ते म्हणाले. "पुढे मोकळं मैदान आहे, तिथे थांबव."

मैदानाच्या कडेला इंचाने गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. मास्तरांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"आज कुंडी होती," मास्तर म्हणाले. "तिथे संध्याकाळी न्हाव्याची म्हातारी आई खुर्ची टाकून बसते. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मग? पाय दुखला?"

"पायाचं काही नाही."

"मग लांब का नाही घेतलंस? नवशिक्याला सुद्धा चौथ्या दिवशी येतं ते."

"हात जात नाही, मास्तर."

"का जात नाही?"

इंचाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्याच्या मनात आलं, काहीतरी सांगून टाकावं. सवय गेलीय, भीती बसलीय, डॉक्टर म्हणालेत होईल हळूहळू. सगळं तोंडाशी तयार होतं. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता त्याच्यात उरला नव्हता.

"त्या दिवशी मागे काही नव्हतं," तो म्हणाला. "साडूची मोटार. मागे एक सीट आणि डिकी. तरी मी लांब घेतलं."

मास्तरांना समजायला फार वेळ लागला नाही. त्यांनी मान हलवली. "मोटार बाहेर काढलीस."

"दीड रांग."

"आणि लोक म्हणतात ते? बायको ओरडली म्हणून दचकलास ते?"

"ती ओरडली हे खरं. त्याचा काही संबंध नाही. तोवर मी बाहेर काढलीच होती."

मास्तर मग एकदम हसले. थट्टेने नाही, आपल्याच आठवणीने. "मी एकदा मेव्हण्याची स्कूटर घेऊन बाजारात गेलो होतो. गल्लीत वळताना एवढं लांब घेतलं की समोरच्या दुकानात शिरलो. चपलांचं दुकान होतं. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, वर्षभर लोक मला नवी चप्पल दाखवायला येत होते. अरे, आपल्यातल्या निम्म्या लोकांचं होतं असं. तू कुणाला सांगितलंस का?"

"आत्ता तुम्हाला."

"घरी?"

"घरी नाही."

मास्तरांचं हसू ओसरलं. "म्हणजे तिला वाटतं, तिच्यामुळे झालं."

"हो."

"आठ महिने?"

"हो."

एवढं सोपं होतं ते, हे त्याला सगळ्यांत जास्त लागलं. एक स्कूटर, एक चपलांचं दुकान, वर्षभराची थट्टा, आणि विषय संपला असता. त्याला स्वतःची एवढी शरम वाटली की मास्तरांकडे मान वळवून बघवेना.

"उतर," मास्तर म्हणाले. "या बाजूला ये. मी नेतो."

"गोदाम?"

"गोदाम कुठे पळून जात नाही. आणि हा कागद मी कोराच ठेवतो. हाताचं औषध माझ्यापाशी नाही. ज्याच्यापाशी आहे तिथे जा, मग उद्या ये, आपण पुन्हा बघू."

इंच वळसा घालून पलीकडे चढला. चोवीस वर्षांत त्या बाजूला तो पाचसहा वेळा बसला असेल. मास्तरांनी गाडी काढली, चालवत सुरेखच होते, तरी इंचाचा पाय प्रत्येक चौकात रिकाम्या जागी दाबला जात होता. या बाजूला माणसाच्या हातात काहीच नसतं. रस्ता दिसतो, गाडी अंगावर येताना दिसते, आणि फार तर ओरडता येतं.

यार्डातून घरी आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. बायको मशीनवर एक पँट आखूड करत होती. तिने मान वर करून पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पण पाय थांबवला नाही.

"एवढ्यात?" तिने विचारलं.

"मास्तरांनी परत पाठवलं."

"पाय?"

"पाय चांगला आहे." तो समोरच्या खुर्चीत बसला. मग बूट काढायला म्हणून वाकला आणि वाकलेलाच राहिला, कारण जमिनीकडे बघत बोलणं सोपं होतं. "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी तू ओरडलीस म्हणून काही झालं नाही. मी मोटार ट्रेलरसारखी वळवली. सवयीने. आधी बाहेर काढली. ती बाहेर काढली म्हणून त्या गाडीने ठोकलं."

मशीन चालूच होतं. तिने ती टीप टोकापर्यंत नेली, सुई वर केली, दोरा तोडला आणि पँट घडी करून बाजूला ठेवली. शिवण अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती.

"मी ओरडायच्या आधी तुम्हाला गल्ली दिसली होती?"

"दिसली होती. दिवाही लावला होता."

"म्हणजे मी तोंड मिटून बसले असते तरी?"

"तरी तेच."

"हे तुम्हाला आज आठवलं?"

इथे त्याला एक पळवाट होती. डोक्याला मार लागला होता, आठवत नव्हतं, आज गाडीत बसल्यावर आठवलं. तिने विश्वास ठेवला असता. तिने स्वतःहून दार उघडून दिल्यासारखंच होतं ते.

"नाही," तो म्हणाला. "पहिल्यापासून ठाऊक होतं."

ती बराच वेळ आपल्या वाकड्या मनगटाकडे बघत राहिली. रडेल असं त्याला वाटलं, पण ती रडली नाही. बोलली तेव्हा आवाज थकलेला होता, दिवसभर रांगेत उभ्या राहिलेल्या बाईसारखा.

"मी तुमच्या उशाशी बसून रडले. तुम्ही म्हणालात, जाऊ दे. मला केवढं मोठं वाटलं ते. मी सगळ्यांना सांगत फिरले की माझ्या नवऱ्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. पाय गेला होता त्यांचा, तरी नाही."

"चुकलं माझं."

"चुकलंच. पण ते तुम्ही वळवताना चुकलं त्याचं मला काही नाही. तसं कुणाचंही चुकेल. जे मी केलंच नव्हतं त्याची तुम्ही मला माफी दिलीत. आणि मी ती घेऊन आठ महिने तुमचे मोजे चढवले."

म्हणण्यासारखं त्याने आधीच म्हणून टाकलं होतं, आणि त्यातून फारसं काही झालं नव्हतं.

"आता माफ कर म्हणू नका," ती म्हणाली. "मला आत्ता जमणार नाही. कधी जमेल तेही सांगत नाही. उद्या मात्र कामावर जा. मला बरं वाटावं म्हणून नव्हे. घरात बसलात तर मला दिवसभर तुमचं तोंड बघावं लागेल."

"मास्तरांनी सही नाही केली अजून."

"मग करून घ्या. त्यात मी काय करू?"

ती उठून आतल्या खोलीत गेली. इंच खुर्चीतच बसून राहिला. आपल्याला हलकं वाटेल असं त्याला वाटेत वाटलं होतं. मोकळं झालं की हलकं वाटतं म्हणतात. त्याला हलकं काही वाटलं नाही. ओझं त्याच्या खांद्यावरून उतरून समोर येऊन पडलं होतं इतकंच, आता ते दोघांनाही दिसत होतं.

आतून फोन लावल्याचा आवाज आला. दार अर्धं उघडं होतं.

"ताई, मी बोलतेय," बायको म्हणत होती. "नाही, सगळं ठीक आहे. गेले होते ते कामावर, आले परत. ताई, ऐक ना. ते मोटारीचं. ते माझ्यामुळे नव्हतं झालं."

मध्ये थोडा वेळ गेला. पलीकडून बहीण बोलत असावी.

"नाही गं. माझ्या ओरडण्यामुळे नाही. त्यांनीच सांगितलं आत्ता. त्यांच्याच हातून झालं, ट्रेलरच्या सवयीने." पुन्हा थोडा वेळ. मग तिचा आवाज बारीक झाला. "नाही, ताई. मला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत ते. खरंच सांगतेय. माझ्यामुळे नव्हतं. नाही गं, ते चांगले आहेत म्हणून नाही. तू ऐकतच नाहीस."

इंचाला खुर्चीत बसवेना. बहिणीला काय वाटत होतं ते इथे बसून त्याला शब्दन्शब्द ऐकू येत होतं. किती समजूतदार नवरा, बघ. स्वतःवर घेतो पण तुला बोल लागू देत नाही. आठ महिन्यांत त्याच्या एका गप्प बसण्याने त्याची एवढी किंमत वाढली होती की आता बायकोच्या खऱ्यावर तिची सख्खी बहीण विश्वास ठेवेना.

बायको दारात आली. आता मात्र तिचे डोळे भरले होते. तिने फोन त्याच्यासमोर धरला.

"घ्या," ती म्हणाली. "तिला माझं पटत नाही. तुम्ही सांगा. आणि भाऊजींनाही बोलवायला सांगा, ते घरीच आहेत."

त्याने फोन घेतला. पलीकडून मेहुणी म्हणत होती, "अहो, कशाला तिच्यासाठी एवढं करताय? झालं गेलं, आम्ही कधीच विसरलो."

"ताई," इंच म्हणाला, "विसरू नका. नीट ऐका." आणि बायको समोर उभी असताना तो पहिल्यापासून सांगायला लागला.